ओव्या आधी, लॅपटॉप नंतर

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी साताऱ्यात राहते, वय ६४. प्राथमिक शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. माझा लॅपटॉप २०१५ सालचा. बटण दाबलं की चहा टाकून, गाळून, पिऊन होतो, तेव्हा कुठे तो जागा होतो. त्यात ‘विंडोज १०’ला आता अपडेट मिळणार नाहीत, अशी पाटी सारखी समोर येते. मुलगा जर्मनीत असतो, तो म्हणतो मॅक घे, डोक्याला ताप नाही. भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो, मावशी, पैसे घालवू नकोस, आहे त्यातच विंडोजच्या जागी फुकटचं लिनक्स टाकून देतो. दुकानदार म्हणतो आय-७ प्रोसेसरच्या खाली बघूच नका. माझं काम काय, तर बँक, मेल, मुलाशी व्हिडिओ कॉल, महिला मंडळाचा हिशोब आणि मराठी टायपिंग. आईच्या आणि गावाकडच्या बायकांच्या जात्यावरच्या सहाशेच्या वर ओव्या मी २००७ पासून टाइप करून ठेवल्या आहेत. टायपिंग मराठी टाइपरायटरवर शिकले, त्याच पद्धतीचा कीबोर्ड अजून वापरते. कुठला लॅपटॉप घेऊ? आणि या वयात नवी सिस्टिम जमेल का मला?

– एक वाचक, सातारा

उत्तर

ताई,

मुलगा, भाचा आणि दुकानदार, तिघंही लॅपटॉपबद्दल बोलतायत. ओव्यांबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नाही. लॅपटॉप पैसे टाकले की मिळतो, त्यामुळे त्याची घाई नाही. ओव्यांची आहे.

आज एवढं करा. ओव्यांची एक फाइल उघडा, सगळा मजकूर निवडा आणि फॉन्ट बदलून ‘निर्मला यूआय’ करा. हा फॉन्ट तुमच्या विंडोजमध्ये आधीपासून असतो. ओव्या ओव्याच राहिल्या तर तुम्ही सुटलात, पुढचा बराच भाग वाचायचीही गरज नाही. पण त्याजागी इंग्रजी अक्षरं, कंस, डोक्यावर टोपी घातलेले ‘ए’ आणि उलटी प्रश्नचिन्हं आली, तर घाबरू नका. फाइल सेव्ह न करता बंद करा, तुमचं काहीही बिघडलेलं नाही. २००७ पासूनचं टायपिंग आणि टाइपरायटरचा कीबोर्ड म्हटल्यावर असंच होणार, असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं.

होतं काय, की त्या काळच्या मराठी फॉन्टांनी एक जुगाड केला होता. कॉम्प्युटरकडे अक्षरांसाठी जेमतेम २५६ खोल्या होत्या आणि त्यांत इंग्रजी बिऱ्हाडं आधीच राहत होती. मग श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांनी त्याच खोल्यांत मराठी आकार नेऊन बसवले. तुम्ही ‘क’ टाइप केलात तरी फाइलमध्ये साठतं एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह. फॉन्ट फक्त त्याला ‘क’चा मुखवटा चढवतो. शिवाय कुणी कुठल्या खोलीत कोण ठेवायचं हे प्रत्येकाने आपापलं ठरवलं, म्हणून एका फॉन्टातला मजकूर दुसऱ्यात वाचता येत नाही. युनिकोडने हा घोळ मिटवला. त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’चा २३२५, तो साताऱ्यातही तोच आणि जर्मनीतही तोच.

आता लक्षात येईल की तुमच्या ओव्या आज मराठीत दिसतात त्या केवळ त्या जुन्या लॅपटॉपमध्ये तो एक फॉन्ट आहे म्हणून. मी हा फटका खाल्लाय. वडिलांची काही भाषणं अशीच जुन्या फॉन्टात होती. मशीन बदलताना मी फाइली व्यवस्थित कॉपी केल्या आणि जुनी डिस्क मोठ्या उत्साहाने पुसली. फॉन्ट न्यायचा विसरलो. नव्या मशीनवर फाइल उघडली की वर फॉन्टचं नाव दिसायचं, खाली सगळी गिचमीड. दोन वर्षांनी एका डीटीपीवाल्याच्या कपाटातल्या सीडीवर तो फॉन्ट मिळाला. तुमच्या नशिबी तो डीटीपीवाला असेलच असं नाही, म्हणून सांगतोय.

तेव्हा हे काम जुना लॅपटॉप चालतोय तोवर, त्याच्यावरच करायचं. आधी त्या फॉन्टचं नाव वहीत लिहून घ्या. विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधून तो फॉन्ट कॉपी करून ओव्यांच्या फाइलींसोबत ठेवा. टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायची छोटी किल्ली, लावून चालत असेल, तर तो डोंगल दागिन्यांच्या डब्यात ठेवा, मी गमतीने म्हणत नाही. मग प्रत्येक फाइलची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बांधला जातो, त्यामुळे पुढे फॉन्ट नसला तरी पान जसंच्या तसं दिसतं. बांधला गेला की नाही याची परीक्षा सोपी आहे. ती पीडीएफ फोनवर उघडा. फोनमध्ये तो फॉन्ट असायचं काही कारण नाही, तेव्हा तिथे ओवी नीट दिसली म्हणजे काम झालं. काही फॉन्ट आत बांधून घ्यायला नकार देतात. तसं झालं तर पानं छापून घ्या, हे सगळ्यात जुनं आणि भरवशाचं बॅकअप.

पीडीएफ हातात आली की मूळ फाइल युनिकोडमध्ये बदलायला घ्यायची. जुन्या मराठी सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये बऱ्याचदा असा कन्व्हर्टर असतो, इंटरनेटवर फुकटचेही आहेत. पण कन्व्हर्टर त्या विशिष्ट फॉन्टचाच लागतो, म्हणून वहीतलं ते नाव महत्त्वाचं. आणि कुठलाही कन्व्हर्टर शंभर टक्के बरोबर काम करत नाही. टाइपरायटरवर आपण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारत होतो, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठते. त्यामुळे कन्व्हर्टरला प्रत्येक वेलांटी उचलून पुढे नेऊन ठेवावी लागते आणि जोडाक्षर आलं की तो गडबडतो. ‘स्थिती’, ‘क्रिया’ असे शब्द तपासा. रफाराचं उलटं, तो मागून पुढे आणावा लागतो, म्हणून ‘सूर्य’, ‘दर्शन’ तपासा. सगळ्यात जास्त घोळ ऱ्य आणि ऱ्ह यांचा. ओव्यांमध्ये सासऱ्याला, नवऱ्याचा, सोयऱ्यांनी हे शब्द किती वेळा येतात ते तुम्ही जाणताच. जात्यावर बसलेल्या बाईची सासऱ्यातून सुटका नव्हती, तुमचीही नाही.

एका बाजूला पीडीएफ, दुसऱ्या बाजूला नवी फाइल, आणि रोज तीस ओव्या. वीस-बावीस दिवसांचं काम आहे. आयुष्यभर वह्या तपासलेल्या माणसाला हे मी काय शिकवणार. पण त्यानंतर काय होईल ते सांगतो. सहाशे ओव्यांच्या फाइलीत तुम्ही शोधाच्या चौकटीत ‘माहेर’ लिहाल आणि कुठल्या कुठल्या ओवीत माहेर आलंय ते एका क्षणात समोर येईल. आज हे होत नाही, कारण कॉम्प्युटरच्या लेखी तुमच्या फाइलीत माहेर नावाचा शब्दच नाही, नुसती इंग्रजी अक्षरं आहेत. एक बारीक खोडी मात्र युनिकोडमध्येही आहे. ‘ॲ’ हे अक्षर दोन तऱ्हांनी लिहिता येतं, एकतर थेट ते अक्षर किंवा ‘अ’ लिहून वर चंद्र. डोळ्यांना दोन्ही सारखीच, शोधताना मात्र वेगळी. ओव्यांत इंग्रजी शब्द क्वचितच, त्यामुळे तुम्हाला त्याचा त्रास व्हायचा नाही. मंडळाच्या इतिवृत्तांत होईल.

आता हाताच्या सवयीचं. टाइपरायटरची मांडणी युनिकोडवर चालवणारी साधनं मिळतात. पण ती प्रत्येक नव्या मशीनवर आधी शोधा, बसवा, मग टायपिंगला बसा. त्यापेक्षा माझं ऐका आणि इनस्क्रिप्ट शिका. ही सरकारमान्य भारतीय मांडणी आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींत आधीपासून असते. तुम्ही मराठीच्या बाई, तुम्हाला ती आवडेलच. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. ‘क’च्या कळीवर शिफ्ट दाबला की ‘ख’, ‘ग’वर ‘घ’, ‘त’वर ‘थ’, ‘प’वर ‘फ’. अल्पप्राण साधा, महाप्राण शिफ्टने. डावीकडे साध्या कळीवर काना, शिफ्टसह ‘आ’, साध्यावर वेलांटी, शिफ्टसह ‘इ’. ज्याने कुणी हे मांडलं त्याने वर्णमालेचा तक्ता समोर ठेवूनच मांडलंय. अक्षरं उच्चाराच्या क्रमाने उमटतात, आधी ‘क’, मग वेलांटी. पहिले चार दिवस बोटं बंड करतील, कारण ती वेलांटी आधी मारायला जातील. दोन-तीन आठवड्यांत वळण लागतं. आणि तो नवऱ्यातला ‘ऱ’ तिथे शिफ्ट आणि इंग्रजी ‘जे’च्या कळीवर बसलाय, त्याच्यापुढे हलन्त आणि ‘य’ टाइप केला की झालं.

विंडोजमध्ये ‘मराठी फोनेटिक’ नावाचा कीबोर्डही आहे, इंग्रजी स्पेलिंग लिहा, मराठी उमटतं. इंग्रजीतून मराठी लिहायची सवय मला पटत नाही, पण तो माझा हेका समजा.

ओव्या युनिकोडमध्ये गेल्या आणि बोटं इनस्क्रिप्टवर बसली, की मग तुमच्या मुलाचं, भाच्याचं आणि माझं म्हणणं, कुठलंही ऐकलंत तरी तुमचं अडणार नाही. तरी तुम्ही विचारलंय तर माझं मत देतो.

ती पाटी खरी आहे. विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरासाठी वेगळी नोंदणी करून सुरक्षेची अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतील अशी सोय कंपनीने ठेवली. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर तिचा दुवा दिसतो का बघा, ओव्यांच्या कामाला तेवढा अवधी मिळतो. लॅपटॉप त्या तारखेनंतरही चालूच राहतो, फक्त नव्याने सापडणारी भोकं बुजवली जात नाहीत. म्हणून नोंदणी नसेल तर बँकेचं काम त्याच्यावर करू नका. विंडोज ११ तुमच्या मशीनवर अधिकृतपणे चढणार नाही. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा. २०१५ चा लॅपटॉप त्यात बसत नाही. आडवाटेने चढवून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

मॅक वस्तू उत्तम आहे. मुलाला त्याची सवय आहे, तुम्हाला नाही. बिघडला तर साताऱ्यातून कुठे न्यायचा हे आधी त्यालाच विचारा. त्याची रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, नंतर वाढवता येत नाही, म्हणजे सगळे पैसे पहिल्याच दिवशी मोजायचे. बँक, मेल आणि हिशोबासाठी एवढं करायची गरज मला दिसत नाही.

भाच्याचं म्हणणं मात्र दुकानदारापेक्षा शहाणपणाचं आहे. केरळात सरकारी शाळांमधली मुलं कितीतरी वर्षं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतायत, तेव्हा ते काही फक्त इंजिनिअरांचं राहिलेलं नाही. अडचण वेगळीच आहे. मंडळाचा हिशोब उद्या सनदी लेखापालाकडे जाईल, कुणाची डिजिटल सही लागेल, प्रिंटर अडून बसेल, तेव्हा मदतीला येणारा माणूस विंडोज जाणणारा असेल. भाचा हॉस्टेलवर असेल.

म्हणून रोजच्या कामाला नवा लॅपटॉप, विंडोज ११ चा. आय-७ ची काही गरज नाही. नुसतं ‘आय-७’ ऐकून हुरळायचंही नाही, चार पिढ्या मागचा आय-७ आजच्या आय-५ पुढे कमी पडू शकतो. आय-३, आय-५ किंवा रायझन ३, रायझन ५ पैकी नव्या पिढीचा कुठलाही तुम्हाला पुरून उरेल. पैसे वाचले तर ते रॅममध्ये घाला, ८ जीबी ही कमीत कमी, १६ झाली तर पुढची सात-आठ वर्षं बघायला नको. साठवण एसएसडीच हवी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली जलद डिस्क, ५१२ जीबी. ‘ईएमएमसी’, म्हणजे त्याहून संथ साठवण, लिहिलेला स्वस्त लॅपटॉप दाखवला तर हात जोडून बाहेर पडा. आणि पडद्यावर तिरकं बघून या. बाजूने पाहिल्यावर रंग उडत असतील तर तो पडदा तुमच्या चष्म्याला सोसायचा नाही. हे कागदावरच्या आकड्यांत कळत नाही, दुकानात जाऊनच कळतं.

दुकानात आणखी दोन गोष्टी बोलण्यात येतील. ‘डॉस’चा लॅपटॉप स्वस्त पडतो, म्हणजे त्यात विंडोज नसतंच, आणि मग दुकानदार ‘टाकून देतो’ म्हणतो ते चोरीचं असण्याची शक्यता दाट. तो घेऊ नका. दुसरं, खोक्यावर ‘होम सिंगल लँग्वेज’ असं लिहिलेलं दिसेल. मराठी टाइप करता येणार नाही की काय, अशी शंका पुष्कळांना येते. येतं. ती अट फक्त मेनू आणि सूचनांच्या भाषेपुरती आहे, कीबोर्ड हवे तितके जोडता येतात. मायक्रोसॉफ्ट ऑफिस सोबत येतं म्हणतील तेव्हा विचारा, कायमचं की वर्षाचं. कायमचं असेल तर ठरावीक मुदतीत स्वतःच्या खात्याने चालू करून घ्यावं लागतं, दुकानदाराच्या खात्याने नव्हे. हे मी दोनदा सांगितलं असं समजा.

लॅपटॉप घरी आला की पहिल्याच दिवशी एक काम करा. आजकालच्या विंडोज ११ मध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि त्या कुलपाची ४८ आकडी किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते. एरवी तुम्हाला तिचा पत्ताही लागत नाही. एक दिवस दुरुस्तीहून लॅपटॉप येतो आणि निळ्या पडद्यावर ती किल्ली मागतो. शेजारच्या काकांकडे हे झालं, तेव्हा खातं त्यांच्या जावयाने स्वतःच्या मेलवर उघडलेलं निघालं आणि जावई विमानात. तर खातं तुमच्या मेलवर, तुमच्या फोन नंबरवर उघडा, आणि ती किल्ली फॉन्टचं नाव लिहिलेल्या वहीतच उतरवा.

वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण, तेही तेवढं बघून घ्या. सुरुवातीला भराभर ‘नेक्स्ट’ दाबत गेलात तर तुमचे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर तो आपल्याकडे ओढून घेतो. फुकट जागा ५ जीबी, ती भरली की पैसे भरा म्हणून मागे लागतो. त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन बॅकअप बंद करा, ओव्यांचा फोल्डर तेवढा तिथे ठेवा. ओव्यांना ५ जीबी म्हणजे हत्तीला नव्हे, मुंगीला वाडा. सोबत आलेलं अँटीव्हायरसचं चाचणी पॅक काढून टाका, विंडोजचं स्वतःचं पुरतं. स्टार्टचं बटण मधोमध दिसेल, ते टास्कबारच्या सेटिंगमधून डावीकडे आणता येतं. मी आणलं, मुलं हसली. मराठी-इंग्रजी बदलायला विंडोजची कळ आणि स्पेसबार.

फॉन्टबद्दल एक सांगायचं राहिलं. निर्मला यूआयमधले ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आहेत. तुम्ही फळ्यावर तसे कधी काढले नसतील आणि ओव्या तशा छापल्या तर तुम्हाला ते खुपेल. राज्य मराठी विकास संस्थेने विनामूल्य दिलेला ‘यशोमुद्रा’ बसवून घ्या. पुढे पुस्तक काढायचं ठरलं आणि छापखान्यातले म्हणाले की आम्हाला युनिकोड चालत नाही, जुन्या फॉन्टातच द्या, तर त्यांच्याकडे अजून पेजमेकर हे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर असणार. त्यांच्यासाठी ओव्या परत उलट्या फिरवत बसू नका, छापखाना बदला.

जुना लॅपटॉप एक्सचेंजमध्ये देऊ नका. हजार-दोन हजारांसाठी घरातली सगळी कागदपत्रं अनोळखी माणसाच्या हाती जातात. त्यातली हार्ड डिस्क काढून यूएसबीच्या डबीत घाला आणि कपाटात ठेवा, फॉन्टसकट. तिच्या जागी एक साधी एसएसडी टाका आणि मग भाच्याला म्हणा, ये आता, घाल तुझं लिनक्स. लिनक्सचा मिंट हा प्रकार घाल म्हणावं, त्याची ठेवण विंडोजच्या जवळची आहे. घालण्याआधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, त्याने मशीनमध्ये काही बदलत नाही. चहा उकळायच्या आत तो लॅपटॉप सुरू होईल. तिथेही मराठी इनस्क्रिप्ट यादीत असेलच, तेव्हा एखाद दिवशी त्याच्यावर चार ओव्या टाइप करून बघा. आवडलं तर हा नवा लॅपटॉप सात-आठ वर्षांनी म्हातारा होईल तेव्हा निर्णय सोपा जाईल.

आणि वयाचं म्हणाल, तर टाइपरायटरवरून तुम्ही कॉम्प्युटरवर आलात तो बदल याच्या दसपट मोठा होता. त्या वेळी कुणाला विचारलं होतंत?

तेव्हा दुकानात जायचं ते पुढच्या महिन्यात. फाइल उघडल्यावर वरच्या चौकटीत फॉन्टचं जे नाव दिसेल ते शेवटच्या आकड्यासकट मला लिहून पाठवा. त्यातल्या दोन ओळी निर्मला यूआय केल्यावर जशा दिसतील तशा फोनने फोटो काढून सोबत जोडा. कुठला कन्व्हर्टर लागेल ते त्यावरून सांगतो.